‘कोणत्याही स्ट्रॅटला बसतो’ म्हणून विकलेला पितळी ब्रिज

इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग, बदलायला निघाला असाल आणि मोबाईलवर कोणी ‘सॉलिड पितळी ब्लॉक, कोणत्याही स्ट्रॅटला बसतो’ असं सांगत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर आणि तिच्या धर्तीवरच्या गिटार. आपल्या खानदेशात तारा, पिक, कापो सहज मिळतात. ब्रिज, त्यावरची सॅडल किंवा ब्रिजखालचा ट्रेमोलोचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठोकळा, घ्यायची वेळ आली की मुंबई-पुण्याकडे नाहीतर मोबाईलकडे बघावं लागतं. ही अडचण मला ब्रिज विकणाऱ्या माणसाला नेमकी ठाऊक होती.

मी अमळनेरकडचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझ्या स्ट्रॅटसारख्या गिटारचा ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचा होता. अशा ब्लॉकमध्ये ट्रेमोलोची दांडी, जी दाबून सूर हलवतात, जिथे फिरवून बसवतात तिथले आटे काही वर्षांत झिजतात. माझेही गेले. दांडी लटपटू लागली, मग निघूनच यायला लागली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, त्यामुळे ब्रिज लवकर हवा होता.

विक्रेत्याला मी तोंडी काही विचारलं नाही, सगळं लिहून पाठवलं. ब्रिज बॉडीला धरणाऱ्या सहा स्क्रूंपैकी पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचं अंतर ५२.५ मिलिमीटर, बॉडीची जाडी ४५ मिलिमीटर, दांडी ६ मिलिमीटरची. त्याचं उत्तर आलं, ‘हो भाऊ, हाच साइज आहे, ब्लॉक पूर्ण पितळी.’ सोबत व्हिडिओ होता. त्यात तो ब्लॉकला चुंबक लावून दाखवतो, चुंबक चिकटत नाही, आणि तो म्हणतो, ‘बघा, लोखंड नाही.’ मी साडेचार हजार रुपये पाठवले. बिल मागितलं तर ‘पार्सलमध्ये टाकतो’ म्हणाला. पार्सलमध्ये बिल नव्हतं.

आलेल्या ब्रिजच्या सहा भोकांचं अंतर ५६ मिलिमीटरच्या थोडं वर भरलं.

ही दोन मापं कुठून आली ते गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हा सगळी मापं इंचात होती. तिच्या ब्रिजची सहा भोकं २ पूर्णांक ७/३२ इंचात, म्हणजे ५६.४ मिलिमीटरमध्ये बसतात. पुढे आशियातल्या कारखान्यांत स्वस्त गिटार बनू लागल्या, त्यांतल्या कित्येकांची मापं मेट्रिक. दोन तारांमध्ये १०.५ मिलिमीटर, म्हणजे सहा तारांचं ५२.५. काहींचं १०.८, म्हणजे ५४. दिसायला तिन्ही ब्रिज एकसारखे. फोटोत फरक कळत नाही. म्हणूनच ‘कोणत्याही स्ट्रॅटला बसतो’ हे वाक्य निखालस खोटं आहे आणि ब्रिज विकणाऱ्या माणसाला ते खोटं असल्याचं माहीत असतं.

मी फोन केला. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहितो, कारण असली फसवणूक याच वाक्यावर उभी असते: ‘भाऊ, भोकं थोडी मोठी करून घ्या, सगळे तसंच करतात.’

मी ड्रिलला हात लावला नाही. एरंडोलकडचा, हळदीच्या कार्यक्रमात वाजवणारा एक तरुण मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्यानेही याच माणसाकडून ब्रिज घेतला होता. त्याला हाच सल्ला मिळाला आणि त्याने ओळखीच्या सुताराकडून भोकं पाडून घेतली. आता हिशोब बघा. ५२.५ वरून ५६ वर जाताना बाहेरचं प्रत्येक भोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं, त्याच्या आतलं एक मिलिमीटर, मधली दोन जेमतेम पाव-अर्धा. म्हणजे नवं भोक जुन्या भोकातच घुसतं आणि गोल राहायचं ते लांबट होतं. स्क्रूला चारी बाजूंनी लाकूड मिळत नाही, तो तारांच्या ओढीने कलतो. दांडी दाबून सोडली की ब्रिज मूळ जागी येत नाही आणि गिटार बेसूर होते. शिवाय त्याची गिटार अरुंद मानेची. तारा बाहेर पसरल्यामुळे पहिली तार फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, कडेवरून घसरायला लागली. पोराने पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘तुम्ही गिटार कापली, आता आमची जबाबदारी नाही.’ ज्याने कापायला सांगितलं, त्याचंच हे बोलणं! त्या मुलाने वडिलांकडून पैसे घेऊन ती गिटार विकत घेतली होती. मला माझ्या साडेचार हजारांपेक्षा त्याच्या गिटारचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून मापाची खात्री होईपर्यंत लाकडाला हात लावू नका, विक्रेता काहीही म्हणो. मोजायला व्हर्नियर कॅलिपर कोणत्याही लेथच्या कारखान्यात असतो. तो नसेल तर स्टीलची पट्टी चालते. भोकाच्या मध्याचा अंदाज घेत बसू नका. पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून सहाव्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. दोन खुंट्यांवर टेकणारा ब्रिज असेल तर खुंट्यांमधलं अंतर मोजा. फेंडरच्या अमेरिकन दोन-खुंटी ब्रिजचं ते ५६ मिलिमीटर असतं, फ्लॉइड रोज या दुसऱ्या प्रकारच्या ट्रेमोलो ब्रिजचं ७४. हे दोन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बॉडी ४० मिलिमीटरच्या आसपास असेल तर साधारण ४२ मिलिमीटरचा पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो, तिथे आखूड ब्लॉकच लागतो. दांडीचे आटेही बघून घ्या. अमेरिकन इंची मापाचे १०-३२ आटे आणि ५ मिलिमीटरचे मेट्रिक आटे इतके जवळचे आहेत की चुकीची दांडी दोन फेरे आत जाते आणि मग अडकते. तिथे जोर लावला की नवा ब्लॉकही बाद होतो.

आता पितळाचं. चुंबकाचा व्हिडिओ खोटा नव्हता. पण चुंबक पितळाला चिकटत नाही तसा जस्तालाही चिकटत नाही, त्यामुळे त्या व्हिडिओने पितळ सिद्धच होत नाही. ब्लॉक स्टीलचा आहे असं कोणी म्हणत असेल तेव्हाच चुंबक कामाचा. तेव्हाही तो ब्लॉकच्या खालच्या टोकाला लावायचा, कारण ब्लॉक जिला जोडलेला असतो ती ब्रिजची वरची पट्टी स्टीलची असली तर चुंबक तिलाच धरतो. पितळ ओळखायला कानस मारून बघता येते. आतून पांढरट निघालं तर वर फक्त मुलामा. पण कानस मारली की विक्रेता वस्तू परत घेत नाही, आणि हे त्याने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं.

मी ब्लॉक घेऊन जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या नानांकडे गेलो. सोन्याची पारख करणाऱ्याला एक ओरखडाही न पाडता धातू तपासता येतो. पट्टीपासून तीन स्क्रू काढून ब्लॉक वेगळा केला. नानांनी आधी तो कोरडा तोलला, २०१ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि ब्लॉक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवला. तळाला, कडेला कुठेही टेकू दिला नाही. तारांच्या भोकांत हवेचे बुडबुडे अडकतात, ते हलवून काढले, नाहीतर हिशोब चुकतो. काट्याने ३० ग्रॅम दाखवले, म्हणजे ब्लॉकचं आकारमान ३० घन सेंटिमीटर. २०१ भागिले ३०, ६.७. पितळ साडेआठच्या आसपास भरतं, स्टील ७.८, आणि जस्ताचा हा मिश्रधातू ६.७ च्या जवळपास. नाना एवढंच म्हणाले, ‘हाई पितय नही शे, भाऊ.’

पितळ चांगलं की स्टील यावर वाजवणारे वाद घालतात, घालू देत. माझा ब्लॉक ज्या धातूमुळे निकामी झाला, तोच धातू पिवळा मुलामा देऊन मला पितळाच्या भावात विकला गेला. दांडीचे आटे पुन्हा तसेच झिजले असते.

हे सगळं त्याला पाठवल्यावर त्याने उत्तर दिलं, ‘ब्लॉक उघडला म्हणजे वॉरंटी संपली,’ आणि नंबर ब्लॉक केला. पैसे परत आले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. बिल असतं तर मार्ग जास्त मोकळा होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पार्सल फोडण्यापासून वजन करण्यापर्यंत सगळं सलग एका व्हिडिओत घ्या. ‘हाच साइज आहे’ असं लिहून दिलेला मेसेज जपून ठेवा, कारण नंबर ब्लॉक झाला तरी तो आपल्या मोबाईलमध्ये राहतो. पैसे पोचल्यावर देण्याची सोय नसेल आणि बिल मिळत नसेल, तर त्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

एरंडोलच्या मुलाच्या गिटारची लांबट भोकं आम्ही सागाच्या खुंट्या सरसाने ठोकून बुजवली. त्या नीट वाळल्यावर ५२.५ च्या मापाने नवी भोकं पाडली. ब्रिज मुंबईतल्या दुकानातून बिलासह मागवला, जस्ताचाच आणि जस्त म्हणूनच विकलेला. माझ्या गिटारला स्टीलचा ब्लॉक बसवला.

चुंबकाचा तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. विक्रेत्याचं नाव आता वेगळं आहे, पण हात तोच, अंगठ्याजवळ ब्लॉकच्या कोपऱ्यावर पडलेला ओरखडाही तोच. त्या ओरखड्यातून पांढरा धातू दिसतो. व्हिडिओ थांबवून, मोठा करून बघा.