ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज : इंग्रजीतून भरभरून कौतुक करायचे असेल तर

इंग्रजीतून कौतुक करायची वेळ आली की आपल्यापैकी अनेकांची गाडी ‘व्हेरी गुड’पाशीच अडते. त्यावर उपाय म्हणून बाजारात मिळणारी बरीचशी पुस्तके ‘ओव्हर द मून’ (अतिशय आनंदी) पासून ‘टू डाय फॉर’ (अप्रतिम, हवेहवेसे) पर्यंत सारे वाक्प्रचार एकाच यादीत घालून देतात, त्यांतला कोणता मित्राला पाठवायच्या निरोपात शोभेल आणि कोणता नोकरीच्या अर्जात अजिबात चालणार नाही, हे मात्र सांगत नाहीत. ऑक्सफर्डच्या या मोफत संकेतस्थळाचे मोल मला इथेच वाटते.

या संकेतस्थळावरचा मुख्य शब्दकोश मुळातच इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी रचला गेला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह तो तयार केला. १९४२ मध्ये तो टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. शिकणाऱ्याचे पाऊल कुठे घसरेल याची ती जाण आजही नोंदीनोंदीत दिसते. ‘मून’ उघडून तळाशी गेले की वाक्प्रचारांचा वेगळा विभाग येतो, आणि ‘ओव्हर द मून’पुढे तो अनौपचारिक असून मुख्यतः ब्रिटनमध्ये वापरला जातो अशी खूण आढळते. नोंदीच्या मुख्य शब्दाजवळच्या निळ्या आणि लाल कर्ण्यांच्या चिन्हांवर त्या शब्दाचे अनुक्रमे ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकता येतात.

सर्वांत मोलाची आहेत ती उदाहरणे. ‘द बीज नीज’चा अर्थ ‘अत्युत्तम व्यक्ती किंवा वस्तू’ एवढाच वाचून कोणी तो वरिष्ठांच्या स्तुतीसाठी वापरायला निघाला, तर कोशातले उदाहरण त्याला वेळीच थांबवते, कारण त्या वाक्यातली बाई स्वतःला फार शहाणी समजणारी आहे. ‘गो बनानाज’चेही तसेच: आनंदाने वेडे होणे आणि संतापाने बेभान होणे, दोन्हींसाठी इंग्रज हेच शब्द वापरतात, त्यामुळे मागचापुढचा संदर्भ पाहिल्याशिवाय ते उचलू नयेत.

अर्थ इंग्रजीतच दिलेले असल्याने अगदी नवशिक्यांना हा कोश जड जाईल. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना, परदेशी सहकाऱ्यांशी रोज पत्रव्यवहार करणाऱ्यांना आणि विशेषतः इंग्रजीच्या शिक्षकांना मात्र मी तो आग्रहाने सुचवेन.