लंग ट्रान्सप्लांट इव्हॅल्युएशन पॅकेज: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

फुप्फुस प्रत्यारोपणाआधीची तपासणी मोठ्या शहरांतली हॉस्पिटलं आता पॅकेज म्हणून देतात. साधारण पाच ते सात दिवस भरती, एकामागून एक तपासण्या, शेवटी डॉक्टरांच्या समितीचा निर्णय. नांदेड-लातूरकडची माणसं हैदराबाद गाठतात, संभाजीनगर-जालन्याकडची मुंबई. हे परीक्षण कुठल्या एका हॉस्पिटलचं नाही, या सेवेचं आहे.

मत आधीच सांगतो. तपासणी नेटकी असते आणि पैसे वाया जात नाहीत, पण आपल्याकडचा पेशंट तिथं पोचतो तो फार उशिरा. चोवीस तास ऑक्सिजन लागला, संडासापर्यंतही चालवेना, की मग धावपळ सुरू होते. तपासणीला जाणं म्हणजे ऑपरेशनला होकार देणं, असा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. फुप्फुसं आखडत जाणाऱ्या आजारात, म्हणजे आयएलडीत, एफव्हीसी (जोरात फुंकून बाहेर टाकलेली एकूण हवा) अपेक्षेच्या 80 टक्क्यांखाली किंवा डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो याचं माप) 40 टक्क्यांखाली आला की डॉक्टरांकडं ट्रान्सप्लांट सेंटरची चिठ्ठी मागावी. तेव्हा गेलं तर समिती बहुतेक "अजून वेळ आहे" म्हणते, आणि ते ऐकायला मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे.

सगळ्यात मोलाची तपासणी दिसायला सगळ्यात साधी: सहा मिनिटं चालणं. 30 मीटरचा सरळ व्हरांडा, दोन टोकांना खुणा, बोटाला रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर. थांबलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. इथल्या ओपीडीत खुर्चीत बसवून 95 आकडा पाहतात आणि "ठीक आहे" म्हणून घरी पाठवतात; तोच माणूस दोन फेऱ्यांत 82 वर येतो. चालताना आकडा 88 च्या खाली जाणं, एकूण अंतर 250 मीटरपेक्षा कमी भरणं, किंवा सहा महिन्यांत अंतर 50 मीटरपेक्षा जास्त घटणं, या आयएलडीच्या पेशंटचं नाव फुप्फुसासाठीच्या प्रतीक्षायादीत घालायला लावणाऱ्या खुणा आहेत. म्हणून रिपोर्टवर अंतर, सर्वात कमी आकडा आणि चालताना मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन चालू होता, हे तिन्ही लिहिलेलं हवं. लिटर लिहिले नसतील तर पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, हात गार पडले असतील, तर ऑक्सिमीटर चुकतो. त्यावरचा नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतो का, तेवढं नातेवाइकानं पाहावं.

डीएलसीओत खोल श्वास घेऊन दहा सेकंद धरायचा असतो. खोकल्याची उबळ आली की तो प्रयत्न बाद. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं. हिमोग्लोबिन 8 असेल आणि टेक्निशियननं ते मशीनमध्ये भरलं नाही, तर डीएलसीओ आहे त्याहून वाईट दिसतो. ताजा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा असलेला रक्ताचा रिपोर्ट, हातात घेऊनच आत जावं.

चोवीस तासांच्या लघवीत तर हमखास घोळ होतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी डब्यात धरायची. एकदा जरी बाहेर गेली तरी किडनी आहे त्याहून अशक्त दिसते. ऑपरेशननंतर जन्मभर घ्यायचं टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, किडनीवर ताण देतं, म्हणून समिती हा आकडा बारकाईनं पाहते. पोटातलं आम्ल वर येतं का, तेही तपासतात, कारण ते नव्या फुप्फुसात उतरलं तर फुप्फुस खराब होतं. नाकातून बारीक नळी घालून ही तपासणी चोवीस तास चालते. औषधं बंद ठेवून ती करायची असेल तर पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. हे भरतीच्या दिवशी कळलं तर आठवडा वाढतो, म्हणून तारीख घेतानाच फोनवर विचारा.

उजव्या हृदयाचं कॅथेटर, अँजिओग्राफी, हाडांची घनता या तपासण्या तिथं व्यवस्थित होतात, काळजी नको. परक्या अवयवाविरुद्धच्या अँटिबॉडी पाहणाऱ्या रक्ताच्या पीआरए तपासणीबद्दल एक सांगायला हवं: आधी रक्त चढवलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील तर या अँटिबॉडी वाढलेल्या असू शकतात आणि जुळणारं फुप्फुस मिळणं अवघड होतं. गरज नसताना रक्ताची बाटली लावून घेऊ नये.

तंबाखूची अट बहुतेक ठिकाणी किमान सहा महिन्यांची असते आणि ती तोंडी विचारून सोडत नाहीत, लघवीत कोटिनिन (निकोटिनचा शरीरात उरणारा अंश) पाहतात. सिगारेट-बिडी सोडली पण मिसरी चालू आहे, असं घराघरात असतं. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तपासणीत ती पकडली जाते. निकोटिनचं च्युइंगम चालू असेल तर तेही आधी सांगावं. दातांचा दाखला मात्र गावाजवळच करून न्या. किडलेली मुळं काढून जखम भरायला दिवस लागतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर तोच दात जिवावर बेततो. हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असते, तीही डॉक्टरांना विचारून इथंच सुरू करावी. जुन्या सीटी स्कॅनची फिल्म नको, सीडी न्यावी. दोन वर्षांपूर्वीची असेल तर फारच उत्तम, आजाराचा वेग तिच्यावरून कळतो.

प्रवासाचा हिशेब घरीच करा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 4 लिटरवर तो सव्वासहा तास पुरतो. नांदेड-हैदराबादला त्यात काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून दोन सिलिंडर, पाना आणि जादा वॉशर सोबत हवेत. घरचा 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढतो, गाडीच्या सॉकेटवर तो चालत नाही.

सेवा कमी पडते ती समजावून सांगण्यात. रिपोर्ट इंग्रजीत, समुपदेशन घाईत, आणि मुख्य गोष्ट शेवटच्या दिवशी सांगतात: नाव यादीत गेलं की हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागतं. काढलेलं फुप्फुस बर्फात साधारण सहा तासच धरवतं, फोन आल्यावर बीडहून निघून भागत नाही. ऑपरेशननंतरही निदान तीन महिने तिथंच. दोन माणसं सोबत लागतात, त्यातल्या एकाला बारा-बारा तासांच्या गोळ्यांची वेळ चुकवून चालणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हे आधी कळलं तर ते उचल घेण्याआधी विचार करू शकतं. शेवटच्या दिवशी सांगणं हा आमच्या मते या पॅकेजचा सगळ्यात मोठा दोष.

2023 मध्ये केंद्रानं राज्यांना नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढायला सांगितलं. तरीही परराज्यातल्या पेशंटचा क्रम कसा लागतो, ते लेखी मागा. खर्चाचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रकही तिथूनच घेऊन निघा. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला ते आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. समितीनं "आत्ता नाही" म्हटलं असेल तर कशासाठी, आणि काय बदलल्यावर परत यायचं, वजन किती, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किती मिलिग्रॅमवर, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय खोली सोडू नका.