ऑप्टिमस प्राइमचा ट्रेलर जातो कुठे?

माझ्या धाकट्या भावाने ‘द ट्रान्सफॉर्मर्स’च्या जुन्या कार्टूनचा डिस्कसंच आणला, तेव्हा भावजयीने मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, यात नुसती मारामारी आहे का हो? मुलांना दाखवू की नको?” भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा. मी म्हटलं, मी त्यांच्यासोबत बसते आणि मग सांगते. गेले दोन महिने आम्ही तिघं रात्रीच्या जेवणाआधी एक भाग बघतोय. भावजयीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

दाखवा. सहा-सातच्या पुढच्या मुलांना नक्की दाखवा. पण शेजारी बसा, आणि याच मालिकेवरचा 1986 चा सिनेमा लगेच लावू नका. ही चूक मी केली आहे, त्याबद्दल पुढे.

ही मालिका अमेरिकेत 17 सप्टेंबर 1984 ला सुरू झाली आणि 1987 पर्यंत चार सीझनमध्ये मिळून 98 भाग झाले. एक भाग साधारण 22 मिनिटांचा. सायबरट्रॉन ग्रहावरचे यंत्रमानव ऊर्जेच्या शोधात निघतात, त्यांचं यान पृथ्वीवर कोसळतं, 40 लाख वर्षांनी ते जागे होतात आणि इथल्या गाड्या-विमानांची रूपं घेतात. चांगले ते ऑटोबॉट्स, वाईट ते डिसेप्टिकॉन्स. पहिल्या तीन भागांची सलग गोष्ट आहे, सुरुवात तिथूनच करा.

भावजयीची भीती गोळीबाराची होती. तो आहे, भरपूर आहे. पण सगळे किरण इकडेतिकडे जातात, कुणाला लागला तर तो खाली पडतो, आणि पुढच्या भागात दुरुस्त होऊन हजर. भाच्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो घाबरला ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या सीझनमध्ये ‘द अल्टिमेट डूम’ नावाची तीन भागांची गोष्ट आहे. त्यात ऑटोबॉट्सचा मित्र असलेल्या स्पाइक या मुलाच्या वडिलांच्या मेंदूवर डिसेप्टिकॉन्स ताबा मिळवतात आणि ते शत्रूच्या बाजूने बोलायला लागतात. त्या वेळी भाच्याने माझ्या हाताला धरलं आणि हळूच विचारलं, “आत्या, त्याच्या बाबांना तो आठवत नाही का?” रोबोटने रोबोटवर बंदूक रोखली तर मूल निवांत असतं. बाबा अनोळखी नजरेने बघायला लागले की त्याच्या पोटात गोळा येतो. मी डिस्क थांबवली, बाबा पुढे बरे होतात हे सांगून टाकलं, मग पुढे बघितलं. लहान मुलाला शेवट आधी सांगण्यात काही बिघडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो ‘फायर इन द स्काय’. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात डिसेप्टिकॉन्सना एक गोठलेला यंत्रमानव सापडतो, स्कायफायर. स्टारस्क्रीम, म्हणजे डिसेप्टिकॉन्समधला तो कपटी, सतत सरदारकी बळकवायला टपलेला, त्याला ओळखतो. लढाईच्या आधी हे दोघं संशोधक होते, ग्रह धुंडाळत फिरायचे. स्कायफायरला जागं करतात, आणि तो जुन्या मित्रावर विश्वास ठेवून त्यांच्यात सामील होतो. मग पकडलेल्या माणसांना मारायचा हुकूम येतो आणि तो नाही म्हणतो. मित्रच त्याच्यावर गोळी झाडतो. भाग संपल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “स्टारस्क्रीम आधी चांगला होता?” या प्रश्नावर आम्ही जेवताना अर्धा तास बोललो. खेळणी विकायला काढलेल्या कार्टूनमधून इतकं निघतं, म्हणून मी हे आवडीने लिहिते आहे.

आणि आवाज! ऑटोबॉट्सचा नेता ऑप्टिमस प्राइम, त्याला पीटर कलन यांनी आवाज दिला आहे. तो नेता कधी किंचाळत नाही, हाताखालच्यांना टाकून बोलत नाही. कलन यांनी अनेकदा सांगितलं आहे की सैन्यात राहिलेला आपला मोठा भाऊ त्यांनी नजरेसमोर ठेवला होता. मुलांना इंग्रजी सगळं कळत नव्हतं, मी मधेमधे मराठीत सांगत होते, पण हा आवाज आला की भाचा ताठ बसायचा. डिसेप्टिकॉन्सचा सरदार मेगाट्रॉन, त्याचा खरखरीत आवाज फ्रँक वेल्कर यांचा, तोही जबरदस्त.

चित्रं मात्र कच्ची आहेत. एकाच साच्याच्या विमानांचे रंग मधेच अदलाबदल होतात, एकाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज येतो. मुलांना हे पकडायला फार आवडतं. ऑप्टिमस ट्रकचा यंत्रमानव होतो तेव्हा मागचा भलामोठा ट्रेलर घरंगळत चौकटीबाहेर जातो आणि नाहीसा होतो. परत ट्रक झाला की ट्रेलर हजर. भाच्याने हे तिसऱ्याच दिवशी विचारलं, “ट्रेलर जातो कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने बुटांच्या खोक्याचा ट्रेलर केला, आणि लढाई चालू असेपर्यंत तो दाराशी उभा असतो. त्याला हात लावायचा नाही.

आता जे मला खरोखर खटकतं ते. हे कार्टून खेळण्यांसाठी जन्मलं. जपानच्या ताकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रो चेंज ही खेळणी आधीच बाजारात होती. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ती अमेरिकेत आणली, नावं आणि स्वभाव नवे रचून घेतले आणि त्यावर मालिका उभी केली. अमेरिकेत त्याच सुमारास मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातींचे निर्बंध सैल झाले होते. पेगी चॅरन यांची संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडली, आणि 1990 च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांत तासाला किती मिनिटं जाहिराती, याची मर्यादा परत आली. डिस्कवर मधल्या जाहिराती नसतात, पण गोष्टीच जाहिरात करतात. दुसऱ्या सीझनमध्ये तर नवे चेहरे रांगेने येतात. पाच-सहा जण जोडून एक मोठा रोबोट होतो, म्हणजे सगळेच घ्यायला हवेत. भाच्याने अर्थातच हट्ट धरला.

भाचीला मी हे सगळं समजावलं, कारण नऊ वर्षांच्या मुलीला ते कळतं. माझ्या भावाकडे आयर्नहाइड या ऑटोबॉटच्या जुन्या साच्याचं खेळणं आहे. कार्टूनमध्ये आयर्नहाइडला व्यवस्थित डोकं आहे, खेळण्यात डोक्याच्या जागी खुर्ची! डायाक्लोनमध्ये ही जिवंत माणसं नव्हती, चालवायची यंत्रं होती, आत इवलासा चालक बसायचा, त्याची ती खुर्ची. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे खेळणं आधी, गोष्ट नंतर.” तेव्हापासून नवा रोबोट आला की ती भावाला सांगते, “हा विकायला आलाय.” तरी ती तितक्याच आवडीने बघते.

मेगाट्रॉन पिस्तूल होतो, वॉल्थर पी-38 चं हुबेहूब रूप. याबाबत मी ठाम आहे, खरं वाटणारं पिस्तूल मुलाच्या हातात खेळणं म्हणून नको. 1993 च्या नव्या खेळण्यात त्याचा रणगाडा झाला, ते बरं झालं.

मुली कुठे आहेत, हा भाचीचा दुसऱ्या दिवसापासूनचा प्रश्न. उत्तर समाधानकारक नाही. दुसऱ्या सीझनमध्ये कार्ली नावाची हुशार मुलगी येते, एका भागात एलिटा वन ही ऑटोबॉट आणि तिच्या साथीदार दिसतात, बस्स. व्हीलचेअरवरचा चिप नावाचा मुलगा मात्र मला मनापासून आवडला. त्याची कीव कुणी करत नाही, त्याच्या डोक्यातल्या हुशारीसाठी त्याला बोलावतात.

तिसऱ्या सीझनमधला ‘थीफ इन द नाइट’ मी मुलांना दाखवला नाही. त्यात कार्बॉम्ब्या नावाचा बनावट अरब देश आहे, फलकावर माणसं 4,000 आणि उंट 10,000. मूळचे लेबनीज घराण्यातले केसी केसम या मालिकेत आवाज देत होते, या चित्रणामुळे त्यांनी काम सोडलं. मला त्यांचं पटतं. माणसांची अशी चेष्टा मुलांच्या मनात बसायला नको.

आता ती चूक. दुसरा सीझन संपला आणि दुसऱ्याच दिवशी, आधी न बघता, मी सिनेमा लावला. सुरुवातीलाच यानावर हल्ला होतो आणि काही मिनिटांत ओळखीचे चारजण मरतात. दोन महिने जे दर वेळी दुरुस्त होऊन उठत होते ते उठत नाहीत. त्यातल्या प्रॉल या ऑटोबॉटच्या तोंडातून धूर येतो. थोड्या वेळाने ऑप्टिमस पलंगावर पडलेला, आणि त्याचा लाल-निळा रंग हळूहळू करडा होत जातो. भाचा रडला नाही. उठला, दाराशी गेला आणि खोक्याचा ट्रेलर उचलून स्वतःच्या खोलीत घेऊन गेला. त्या रात्री जेवला नाही. जुनी खेळणी मागे सारून नवी पुढे आणायची म्हणून हा मृत्यू लिहिला गेला. 1986 मध्येही मुलं थिएटरात रडली, पालकांनी पत्रं लिहिली, आणि 1987 मध्ये दोन भागांत ऑप्टिमसला परत आणावं लागलं. ते दोन भाग मी दुसऱ्या दिवशी सकाळी लावले. ट्रेलर दुपारी दाराशी परत आला.

म्हणून भावजयीला क्रम असा लिहून दिलाय: पहिला सीझन पूर्ण, आत्ताच. दुसऱ्यातले निवडक भाग, मोठं माणूस शेजारी असताना. सिनेमा आणि तिसरा सीझन भाचा नऊचा झाल्यावर, तेही दिवसा, आणि परतीचे ते दोन भाग हाताशी काढून ठेवून.