क्लाउडवर एचपीसी: अल्मा-रॉकी घ्यावं का उबंटू?

आपल्याकडचे एम.टेक.वाले पोट्टे सध्या हेच विचारून राहिले, डब्ल्यूआरएफ (हवामानाचं मॉडेल) नाहीतर ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित) क्लाउडवर चालवायचं आहे, म्हणजे एचपीसी (कॉम्प्युटर जोडून मोठं गणित) करायचं आहे, तर लिनक्सची इमेज (तयार सिस्टिमची कॉपी) कोणती घ्यायची, अल्मा, रॉकी का उबंटू. यवतमाळ-पुसदकडे लाईनचा भरोसा नाही त्यामुळे क्लाउड ठीकच आहे, पण भाऊ, अल्मा का उबंटू हे नंतर पाहू, आधी सांग तुझा जॉब (चालवायचं गणित) एका व्हीएमवर (क्लाउडवरच्या एका भाड्याच्या मशीनवर) मावते का? मावत असेल तर हाताला सवयीची इमेज घे अन् कामाला लाग.

एकापेक्षा जास्त नोड (जोडलेल्या व्हीएम) लागत असतील तर साधी इमेज नकोच, प्रोव्हायडरची एचपीसीवालीच घे. अ‍ॅझ्युरच्या अल्मा-एचपीसी अन् उबंटू-एचपीसी दोन्हीत इन्फिनिबँडचे (नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कचे) ड्रायव्हर, ओपन एमपीआय, एचपीसी-एक्स बसवूनच येते; एमपीआय म्हणजे नोडनी आपसात बोलायची पद्धत, हे दोन्ही त्याचेच सॉफ्टवेअर. गूगलची रॉकी ८ वर आहे, एमपीआयसाठी ट्यून केलेली. अ‍ॅमेझॉनवर पॅरललक्लस्टरच्या इमेजमध्ये ईएफए (तिथलं वेगवान नेटवर्क) अन् स्लर्म (जॉब रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) असते. साध्या इमेजचा घोळ असा की ड्रायव्हर नीट नसला तरी एरर येईलच असं नाही, एमपीआय गुपचूप टीसीपीवर (साध्या, हळू नेटवर्कवर) उतरते, जॉब चालू दिसते, पण नोड वाढवले तरी वेग काही वाढत नाही अन् बिल मात्र चढतच राहते. विहीर भरलेली अन् मोटर जोडलीच नाही, तसं.

आता अल्मा-रॉकी का उबंटू. अल्मा अन् रॉकी या दोघींत फार डोकं लावू नको, दोन्ही रेड हॅटच्याच (पैसे लागणाऱ्या लिनक्सच्या) चालीच्या, लायसनचा खर्च नाही, ८ ला २०२९ पर्यंत अन् ९ ला २०३२ पर्यंत अपडेट. उबंटू २२.०४ ला फुकटचा सपोर्ट २०२७ पर्यंत, २४.०४ ला २०२९ पर्यंत. पण तारखांपेक्षा तुझा कोड कुठं कंपाईल झाला ते बघ. लॅबमधल्या उबंटू २२.०४ वर बनवलेली बायनरी (कंपाईल झालेला प्रोग्राम) उचलून अल्मा ८ वर टाकली की ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणून लगेच आपटते, कारण जीलिबसी (प्रोग्रामला लागणारी लिनक्सची मूळ लायब्ररी) अल्मा ८ मध्ये २.२८ आहे. उलट, जुन्यावर बनवलेलं नव्यावर बहुतेक चालून जाते. ओपनफोम असेल तर उबंटूवर एपीटीनं (पॅकेज बसवायच्या कमांडनं) मिनिटात बसते, जीपीयू-पायथॉनचं कामही तिकडंच सोपं. गाईडकडं कमर्शियल सॉल्व्हर असेल किंवा पुढं कॉलेजच्या नाहीतर सरकारी क्लस्टरवर जायचं असेल अन् तिथं रेड हॅटवालं असेल, तर अल्मा. डब्ल्यूआरएफ कुठंही कंपाईल करावंच लागते, त्यात मी अल्माच घेईन.

सेंटओएस ७ (रेड हॅटच्याच चालीचं जुनं फुकट लिनक्स) चे ट्युटोरियल अजून ढिगानं सापडतात, त्या नादी लागू नको, ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला, त्यातली यम ही पॅकेज बसवायची कमांड पहिल्याच पायरीला रडते. अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३ वर ईपेल (रेड हॅटवाल्यांसाठीचा जादा पॅकेजेसचा साठा) चालत नाही, म्हणून नवख्यानं टाळलेलं बरं. रेड हॅटचे तासाला वेगळे पैसे, शिकताना कायले द्यायचे?

अन् कोणतीही घेतली तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) लॉक करून ठेव, म्हणजे आपोआप बदलणार नाही. उबंटूत अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट) चालू असेल तर रात्रीतून कर्नल बदलते, मग रीबूट झाल्यावर इन्फिनिबँडचा नाहीतर एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाही. अल्मात सरसकट डीएनएफ अपडेट (सगळी पॅकेजेस नवी करायची कमांड) मारलं तरी तेच. एकदा सगळं बसलं, दोन नोडवर टेस्ट झाली, की त्याच व्हीएमची आपली इमेज सेव्ह कर अन् पुढचे सगळे नोड तिच्यावरूनच काढ.