अँटीव्हायरसनं अडवलं होतं, बंद मीच केला (१,२३,९०० रुपये गेले)

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. तालुक्याच्या गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे माझं, अकरा वर्षं झाली. पीक विमा, स्कॉलरशिप, पॅन, अख्ख्या गावाचं मी भरतो. काउंटरवर मीच प्रिंट काढून चिकटवलेला कागद आहे, 'ओटीपी कोणालाही सांगू नका'. त्या कागदाखाली बसून मी १,२३,९०० रुपये घालवले. कागद काढणार होतो, बायको म्हणाली राहू दे, तुमच्यासाठीच आहे.

अँटीव्हायरसची मुदत दोन दिवसांत संपणार होती म्हणून ओळखीच्या दुकानातून नवीन की आणली, १,१७९ रुपये, रोख. (रोख, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) की टाकली तर घेईना. तीनदा टाकली. बाहेर सातबाऱ्याच्या झेरॉक्सला माणसं उभी, घाईत गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो आला त्याला फोन लावला. वर बारीक 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं हे मला माहीत नाही का? माहीत आहे. त्या दिवशी बघितलं नाही. आणि खरा नंबर अँटीव्हायरसच्या डब्यामागं छापलेला होता, डबा माझ्या हाताशी पडलेला.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल, गोड बोलणारा पोरगा, चक्क आपल्या मराठीत, "सर, टेन्शन घेऊ नका". पण याची एक युक्ती सांगतोच, कारण मी तिथंच गार झालो. त्यानं काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायला लावली, ए एस एस ओ सी टाईप करून एंटर मारायला लावलं, भराभर यादी पळाली, शेवटाकडं ८८८ नं सुरू होणारा लांबलचक नंबर. म्हणाला हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन आयडी, मी वाचतो, तुम्ही जुळवा. आणि फोनवरून अक्षर न अक्षर बरोबर वाचला! माझी स्क्रीन तेव्हा त्याला दिसतसुद्धा नव्हती. मला वाटलं कंपनीचाच माणूस, नाहीतर याला कसा माहीत. नंतर पुतण्यानं त्याच्या लॅपटॉपवर तेच टाईप केलं, तर तोच नंबर. प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो, लायसनशी काडीचा संबंध नाही.

मग रिमोटचं ॲप. डाउनलोड केलं आणि अँटीव्हायरसनं लगेच चौकट काढली, हे ॲप दुसऱ्याला तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा देऊ शकतं, ब्लॉक की अलाऊ. म्हणजे ज्या कामासाठी मी पैसे भरले होते ते काम त्यानं चोख केलं. पोरगा म्हणाला, "सर, जुनी की संपत आलीय ना, म्हणून खोटे अलर्ट येतात, तासाभरासाठी पॉज करा." पॉज करताना अँटीव्हायरसनं परत विचारलं, किती वेळ? नंतर विंडोजनं सगळी स्क्रीन काळवंडून विचारलं, यस की नो? तीन वेळा विचारलं हो मला. तीन वेळा मी हो म्हटलं.

आता मला हसायच्या आधी हे ऐका. ती चौकट माझ्यासमोर दिवसातून दहा वेळा येते, प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनर, ह्या पोर्टलचं युटिलिटी, त्या पोर्टलचं युटिलिटी. डिजिटल सहीचं टोकन बसवायला जो माणूस येतो तो पहिलं वाक्य म्हणतो, "अँटीव्हायरस बंद करा दोन मिनिटं." आम्हाला सवयच अशी लागली आहे, वाचायच्या आत बोट यसवर गेलेलं असतं. अँटीव्हायरसच्या रिपोर्टमध्ये ती ओळ अजून आहे, १२ वाजून २१ मिनिटं, युजरनं प्रोटेक्शन थांबवलं. युजर म्हणजे मी.

मग म्हणाला, पेमेंट दोनदा झालंय म्हणून की चालत नाही, जादाचे १,१७९ रिफंड करतो, नेटबँकिंग उघडा. अरे, मी पैसे दुकानात रोख दिले होते! रोख दिलेले पैसे दोनदा कसे कापले जातील आणि खात्यात परत कसे येतील? हा एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. रात्री झोप लागत नाही ती पैशापेक्षा ह्यामुळं.

नेटबँकिंगचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता (करू नका, आजच काढा). स्क्रीन काळी झाली, 'अपडेट चालू आहे', खाली एक चौकोन, रिफंड कोड टाका. मोबाईलवर कोड आला, टाकला. "चुकला सर, परत येईल." परत टाकला. परत चुकला, तिसऱ्यांदा टाकला. पहिला मेसेज नवीन खातं जोडायचा होता, पुढचे दोन मेसेज पैसे पाठवायचे, तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी फक्त सहा आकडे वाचत होतो. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही हे आजही ठासून सांगतो. मी टाईप केला. मग म्हणाला कोड चुकतायत, मोबाईलवर ॲक्टिव्हेशनचं ॲप टाका, फोननंसुद्धा धोका आहे म्हणून सांगितलं, तिथंही अलाऊ, वर मेसेज वाचायची परवानगी.

४९,५०० गेल्याचा मेसेज आला, मागोमाग परत ४९,५००. तेव्हा कॉम्प्युटरची नेटची वायर ओढली आणि १२:४७ ला बँकेला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, कार्डासाठी तीन दाबा, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, अकरा मिनिटं. १२:५३ ला, मी लाईनवर थांबलेलो असताना, आणखी २४,९०० गेले. ज्या फोनवर मी बँकेची गाणी ऐकत होतो त्याच फोनमधलं ते ॲप त्याला ओटीपी पुरवत होतं! म्हणून नुसती वायर ओढून भागत नाही, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला. आणि आधी १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) लावा, मग बाकीचं. मी १९३० ला लावेपर्यंत पाऊण तास गेला होता, तरी त्यांनी पुढच्या कुठल्यातरी खात्यात १८,३४० रुपये अडवले. ते सोडवायला कोर्टाचा ऑर्डर आणा म्हणतात.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "काका, तुम्हीच बंद केलं ना, मग तक्रार कुणावर?" मग म्हणाले सायबरला जा, जिल्ह्याला. जिल्ह्याला गेलो तर म्हणाले आधी ठाण्याचं पत्र आणा. पत्र आणलं तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, आणि म्हणाले तीन झेरॉक्स सेट लागतील, बाहेर दुकान आहे. मी झेरॉक्सवाला, दुसऱ्याच्या दुकानात पानाला तीन रुपये देऊन स्वतःच्या मूर्खपणाच्या कॉप्या काढत उभा!

बँकेत मॅनेजरनं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर तोंडावर मारलं, ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले तर नुकसान ग्राहकाचं. बरं. पण त्याच सर्क्युलरमध्ये पुढं आहे की बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध बँकेनं करायचं. ते नाही वाचून दाखवलं. मी घरी येऊन प्रिंट काढली आणि २४,९०० साठी अर्ज दिला. ९९,००० वर मी बोलत नाही, तिथं बोलायला तोंड नाही.

उत्तर आलं, तक्रार १२:५८ ला नोंदली गेली, व्यवहार १२:५३ चा, सबब आधीचा. म्हणजे अकरा मिनिटं मी त्यांच्या दारात उभा होतो ती धरायचीच नाहीत, दार उघडल्यापासून घड्याळ सुरू! फोनच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं, १२:४७, कॉल ११ मिनिटं २० सेकंद. तो जोडून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं टाकलंय, ऑनलाईन होतं, फी नाही. अर्ज मीच भरला.