व्हॅलासायक्लोव्हिर: नऊ महिने रोज घेतल्यानंतरचा अनुभव

उजवी मांडी जिथे सुरू होते तिथे, मागच्या बाजूला, दर पाच-सहा आठवड्यांनी मला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येत असे. पहिल्यांदा आला तेव्हा घरात सगळ्यांनी ‘नागीण’ ठरवली, सासूबाईंनी गेरू उगाळून लावला आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही नागीण समजूनच अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध लिहून दिले. नागीण एकाच जागी वर्षातून आठ-नऊ वेळा उठत नाही, हे मला कोणीच सांगितले नाही. दोन वर्षे मी गोळ्या घेत राहिले, फोड येत राहिले आणि हे औषध आपल्याला लागू पडत नाही अशी माझी खात्री झाली.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ताज्या फोडातल्या द्रवाची पीसीआर तपासणी करून घेतली, तेव्हा तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा दुसरा, मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरणारा प्रकार निघाला. मग त्यांनी विचारले, “पहिली गोळी नेमकी केव्हा घेता?” फोड दिसल्यावर डॉक्टरांची वेळ घेऊन, म्हणजे तिसऱ्या दिवशी, असे मी सांगितले. हे औषध विषाणूची वाढ तेवढी रोखते. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंच्या गाठींत तो सुप्त असतो, तिथून त्याला काढत नाही. त्यामुळे वाढीचा भर ओसरल्यावर घेतलेल्या गोळीला करण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय पोटात घेतलेल्या अ‍ॅसायक्लोव्हिरपैकी जेमतेम 15 ते 20 टक्के रक्तात पोहोचते, आणि दिवसातून पाच गोळ्यांपैकी दुपारच्या दोन माझ्या कामाच्या गडबडीत हमखास राहून जात. व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर अ‍ॅसायक्लोव्हिरच बनते, पण ते निम्म्याहून अधिक शोषले जाते.

मला त्याची रोज 500 मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली. पहिला आठवडा डोके दुखले, नंतर थांबले. तिसऱ्या महिन्यात तापातून उठल्यावर फोड आलेच, आणि मी अक्षरशः रडले. बाईंनी मात्रा 1 ग्रॅम केली, मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि पाणी भरपूर पिण्यास सांगितले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत एकदाच मांडीत ओळखीची चुणचुण आणि कळ आली. फोड उठलेच नाहीत. गोळ्यांचा खर्च मात्र दर महिन्याला जाणवतो.

औषधाला खरोखर दाद न देणारा विषाणू असतो, पण प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांत तो 1 टक्क्याहूनही कमी वेळा सापडतो. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी मात्र योग्य मात्रेतही जखमा भरत नसतील तर थांबू नये. त्यांच्यासाठी फॉस्कार्नेटसारखी शिरेतून देण्याची वेगळी औषधे आहेत.

सर्वांत अवघड होते ते यजमानांना सांगणे. हा विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांविना राहू शकतो, त्यामुळे फोड आज दिसले म्हणून संसर्ग आजचा ठरत नाही, हे बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावले, आणि त्या अर्ध्या तासाने आमचे घर सावरले असे मी मनापासून म्हणेन. रोजच्या गोळीने जोडीदाराला संसर्ग होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने घटते, पूर्ण जात नाही, म्हणून आम्ही निरोधही वापरतो आणि चुणचुण जाणवली की दूर राहतो.

वर्ष पूर्ण झाल्यावर गोळी थांबवून पाहू, असे बाई म्हणाल्या आहेत. तेव्हा फोड उठलेच तर लागेल म्हणून गोळ्यांची एक पट्टी त्यांनी आधीच लिहून दिली आहे. ती माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते.