कॉम्प्युटरला मोबाइलचं नेट: हॉटस्पॉट, केबल, डोंगल की सिमचा राउटर?

फायबर पोहोचलेलं नाही किंवा सारखी जागा बदलावी लागते, म्हणून कॉम्प्युटर मोबाइल नेटवर चालवायचाय? मग खरेदीच्या आधी एक मोजमाप करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस' असतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -८५ म्हणजे उत्तम, -११० म्हणजे ओढाताण. माझ्या टेबलावर -११२ होता. तोच फोन चार पावलांवर खिडकीत ठेवला तर -९७. हा १५ डेसिबलचा फरक म्हणजे जवळपास तीसपट ताकदीचा सिग्नल! टेबलावर अडखळणारा व्हिडिओ कॉल खिडकीत सुरळीत चालला, तोही एक पैसा न खर्चता. तेव्हापासून कुठलंही साधन बघताना मी आधी हेच पाहतो, की त्याचा अँटेना चांगल्या जागी नेता येतो का.

सगळ्यात सोपा अर्थात फोनचा वायफाय हॉटस्पॉट. तासा-दोन तासांच्या कामाला तो पुरतो. पण फोनला एकीकडे टॉवर आणि दुसरीकडे लॅपटॉप असं दोन्हीकडे रेडिओ चालवावं लागतं, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते. फोन फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. आजूबाजूला वायफायची गर्दी असेल तर हॉटस्पॉटचा बँड (लहरींचा पट्टा) २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ करून बघा. मात्र तो भिंतीपलीकडे फारसा पोहोचत नाही.

एकाच कॉम्प्युटरवर बसून काम असेल तर मी केबलच सांगेन. फोन यूएसबीने जोडायचा आणि सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. मधला वायफायचा टप्पा वगळला जातो, जोडणी टिकून राहते, फोन चार्जही होत राहतो. केबल डेटा नेणारी हवी, कारण काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. विंडोज आणि लिनक्सला अँड्रॉइड फोन सहसा लगेच कळतो. मॅकवर मात्र बरेच अँड्रॉइड फोन असे चालत नाहीत, तिथे हॉटस्पॉटच बरा. आयफोन विंडोजला जोडायचा तर ॲपलचं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं. ब्लूटूथनेही नेट मिळतं, पण सेकंदाला एक-दोन मेगाबिट, मेल पाहण्यापुरतं.

या सगळ्यातली खरी अडचण एकच: फोन घेऊन तुम्ही बाहेर पडलात की घरचं नेटही तुमच्यासोबत बाहेर पडतं.

मग डोंगल, म्हणजे सिम घालून यूएसबीत खोचायचं छोटं साधन, घ्यावा का? मला तरी आता त्यात फारसा अर्थ दिसत नाही. बरेच स्वस्त डोंगल 'कॅट ४' या फोरजी वेगाच्या श्रेणीतले असतात, म्हणजे कागदावर १५० मेगाबिट. बऱ्यापैकी नवा फोन अनेक बँड एकत्र जोडून याच्या पुढे जातो. डोंगलच्या बाजूने एवढंच की फोन मोकळा राहतो, आणि एक्स्टेंशन केबल लावून डोंगल खिडकीत टांगता येतो. प्रवासात चार-पाच उपकरणं असतील तर सिम घालून खिशात नेता येणारा, बॅटरीवाला पॉकेट राउटर बरा. सिमची सोय असलेला लॅपटॉप फिरतीवरच्या माणसाला फार सोयीचा, पण हा निर्णय लॅपटॉप घेतानाच करावा लागतो.

जागा कायमची असेल आणि घरात तीन-चार जण नेट वापरत असतील, तर सिम घालायचा राउटरच घ्या. तो सिग्नल चांगला असेल तिथे, अगदी माळ्यावर ठेवा आणि तिथून लॅन केबल कॉम्प्युटरपर्यंत आणा. सिग्नल कमजोर असेल तर बाहेरचा अँटेना जोडता येणारं मॉडेल निवडा. इथे एक फसगत होते: राउटरवर दिसणाऱ्या उभ्या काड्या पुष्कळदा फक्त वायफायच्या असतात, टॉवरशी त्यांचा संबंध नसतो. मोबाइल अँटेनासाठी वेगळी सॉकेट्स आहेत का, ते घेण्याआधी विचारा. तुमची कंपनी वापरते ते बँड राउटरला चालतात का, हेही बघा.

सिग्नल भरपूर आणि वेग रोज रात्रीच मंदावत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर महागडा राउटर हा उपाय नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम रात्री नऊला फोनमध्ये घालून तपासा.

डेटाचा हिशेबही आधीच करा. सेकंदाला ३ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे १.३५ जीबी खातो. काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा असते, ती बारीक अक्षरांत शोधा. विंडोजमध्ये ही जोडणी 'मीटर्ड' (मोजक्या डेटाची) करून ठेवा, म्हणजे बरेचसे अपडेट परस्पर उतरणार नाहीत. आणि घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून थेट शिरायचं असेल, तर स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळेल का ते सिम घेण्याआधीच कंपनीला विचारा. मोबाइल नेटवर बहुधा अनेक ग्राहकांत एकच आयपी वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी आतपर्यंत पोहोचतच नाही.